माजी तमन्नाई

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या टेबलावर तेरा सेंटिमीटर लांबीची एक युद्धनौका आहे. नाव आयएनएस नर्मदा, साल १९६१. प्रत्यक्षात त्या साली ही नौका अस्तित्वातच नव्हती. त्याआधीच ती भंगारात गेली होती, तेही दुसऱ्या देशात, दुसऱ्या नावाने. नालासोपाऱ्यात दोन खोल्यांत राहणारा, उर्दू आणि मराठी शिकवणारा चाळिशीतला मास्तर न झालेल्या नौका का बनवत बसतो, असं विचारणारे आता बरेच झाले. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

हा छंद माझ्या एकट्याचा नाही. प्लास्टिकचं किट मिळतं. त्यात चौकटींना चिकटलेले सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. बहुतेक लोक डब्यावरच्या चित्रासारखं जहाज बनवतात आणि खूश होतात. काही जण मात्र चांगलं महागडं किट घेऊन त्याच्यावर करवत चालवतात, कारण त्यांना हवं असलेलं जहाज कुणी बांधलेलंच नसतं. अमेरिकेने मोंटाना वर्गाच्या पाच अवाढव्य युद्धनौका मंजूर केल्या आणि १९४३ मध्ये रद्द केल्या. जर्मनीची ग्राफ झेपेलिन ही विमानवाहू नौका १९३८ मध्ये पाण्यात उतरली, पण शेवटपर्यंत पुरी झाली नाही. १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने तर मोठमोठ्या नौदलांचे कितीतरी आराखडे कागदावरच मारले. अशा सगळ्या नौका आज जगभरच्या काचेच्या कपाटांमध्ये उभ्या आहेत.

वसईकरांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी इंग्रजांना मुंबईऐवजी वसई दिली असती तर? चिमाजी आप्पांना १७३९ मध्ये किल्ला मिळालाच नसता तर? किल्ल्यावर सहल नेली की आठवीतली मुलंसुद्धा हे विचारतात. फरक इतकाच की बोलणाऱ्याला ‘तर’च्या पुढे काहीही म्हणता येतं. मॉडेल बनवणाऱ्याला तसं करता येत नाही. त्याचा नियम असा की इतिहासात एकच गोष्ट बदलायची आणि मग त्या बदलाची किंमत प्लास्टिकमध्ये चुकवायची. पुढे जड तोफ बसवायची असेल तर तेवढं वजन दुसरीकडून काढा, नाहीतर जहाज कलंडेल. वेग वाढवायचा असेल तर बॉयलरला जागा दाखवा. नवं रडार हवं असेल तर ती डोलकाठी त्याचं ओझं पेलेल का ते सांगा. हा नियम मला शाळेतल्या, मोहल्ल्यातल्या आणि टीव्हीवरच्या सगळ्या इतिहासचर्चांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

आणि गंमत म्हणजे आपल्या नौदलाने हा खेळ खऱ्याखुऱ्या पोलादात खेळलेला आहे. आयएनएस तलवार ही ब्रिटिश घडणीची फ्रिगेट. १९७० च्या दशकात तिची पुढची मोठी तोफ काढली आणि त्या जागी सोव्हिएत क्षेपणास्त्र नौकांवरचे स्टिक्स क्षेपणास्त्रांचे पेटारे बसवले. म्हणजे एका डब्यातलं किट, दुसऱ्या डब्यातले भाग. त्यानंतरची गोदावरी त्याहून अस्सल उदाहरण आहे. माझगाव डॉकमध्ये ब्रिटिश लिअँडर आराखड्यावरून नीलगिरी वर्गाच्या फ्रिगेट बांधल्या, त्यातली पहिली १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. मग आपल्याच आरेखकांनी तो आराखडा लांब-रुंद केला. लिअँडर ११३ मीटरची, गोदावरी १२६ मीटरची. आत लिअँडरच्या घराण्यातलीच वाफेची यंत्रणा, वर सोव्हिएत क्षेपणास्त्रं, मागे दोन सी किंग हेलिकॉप्टरांची जागा. १० डिसेंबर १९८३ रोजी ती नौदलात आली. विरारला माझा एक मित्र आहे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. त्याने एअरफिक्सचं लिअँडरचं सहाशेव्या प्रमाणातलं किट मधोमध कापून, दोन सेंटिमीटर वाढवून ही गोदावरी बनवली आहे. या छंदाला मला लावलं ते त्यानेच. मला तो ‘मास्तर’ म्हणतो, मी त्याला ‘साहेब’ म्हणतो. दोघांनाही ते पुरतं.

पण गोदावरी नावाची याच्याआधीही एक युद्धनौका होती. माझी गोष्ट तिच्यापासून आणि तिच्या बहिणीपासून सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉयल इंडियन नेव्हीला ब्लॅक स्वान वर्गाचे सहा नवे स्लूप मिळाले. स्लूप म्हणजे विनाशिकेपेक्षा लहान आणि सावकाश, पण काफिल्यांची राखण करायला खमकी नौका. सहाही नावं नद्यांची होती: सतलज, जमुना, नर्बदा, गोदावरी, किस्तना, कावेरी. इंग्रजी स्पेलिंगमधून आलेली ही रूपं आहेत, तरी ‘नर्बदा’ मला परकं वाटत नाही, कारण जुन्या उर्दू पुस्तकांत ही नदी नर्बदा म्हणूनच वाहते. १९४५ च्या जानेवारीत नर्बदा आणि जमुना अराकानच्या किनाऱ्यावर जपान्यांविरुद्ध तोफा डागत होत्या. पुढच्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९४६ ला, कुलाब्याच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या तळावर खलाशांनी जेवणावरून संप पुकारला आणि तो जहाजाजहाजांवर पसरला. नर्बदाही त्यात होती. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. डोलकाठ्यांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र चढले. २३ फेब्रुवारीला सगळं संपलं.

त्यानंतर दीड वर्षात नौदलाची वाटणी झाली. सहा स्लूपपैकी चार भारताला, दोन पाकिस्तानला. ती दोन कुठली? नर्बदा आणि गोदावरी. वाटणी नावांकडे बघून झाली नव्हती हे उघड आहे. पंजाबातून वाहणारी सतलज मुंबईत राहिली आणि त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी कराचीला गेली. तिकडे गोदावरीची ‘सिंध’ झाली, नर्बदाची ‘झेलम’. १९५९ मध्ये दोन्ही भंगारात निघाल्या.

जहाजांना कुणी विचारलं नाही. माणसांना विचारलं, पण सगळ्यांना नाही. सैन्यदलांच्या वाटणीचा नियम असा होता: पाकिस्तानात जाणाऱ्या भागातला मुसलमान भारताच्या सैन्यात राहू शकत नव्हता, भारतातला बिगर-मुसलमान पाकिस्तानचं सैन्य निवडू शकत नव्हता. निवड ठेवली होती ती भारतातल्या मुसलमानाला आणि पाकिस्तानी भागातल्या बिगर-मुसलमानाला. आता हेही लक्षात घ्या की मुंबईच्या नौदलात पूर्वापार भरती होती ती रत्नागिरी किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांची. खाडीकाठची, मराठी-कोकणी बोलणारी, दर्यावर वाढलेली माणसं. त्यांच्यापुढे कागद ठेवला गेला: इकडे की तिकडे?

आमची मुळं दापोली तालुक्यातली. नौदलात आमच्या घरचं कुणी नव्हतं, व्यापारी जहाजांवर मात्र बरेच होते. आमच्या इमारतीत राहणारे एक निवृत्त जहाजी चाचा आहेत. त्यांच्या लहानपणच्या वाडीतले तिघे त्या नौदलात होते असं ते सांगतात. दोघे राहिले, एक गेला. राहिलेल्यांपैकी एकाला ते विचारत, तुम्ही का राहिलात? तो म्हणायचा, “आंब्याची कलमं नुकतीच लावली होती.” मला हे उत्तर फार आवडतं. याच्यावर कुठल्याही बाजूला भाषण करता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी खरी नर्बदा बनवली होती. १९४५ सालची, युद्धातल्या राखाडी रंगातली. एका शाळेच्या विज्ञान-इतिहास प्रदर्शनात ती ठेवली आणि शेजारी कार्डावर चार ओळी लिहिल्या: कधी बांधली, कुठे लढली, १९४६ च्या संपात होती, १९४७ नंतर पाकिस्तानी नौदलात ‘झेलम’ झाली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने चौथी ओळ वाचली, मग माझं नाव वाचलं, आणि तिथल्या मुख्याध्यापिकांना बाजूला घेतलं. बाई भल्या आहेत. माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “सर, जहाज राहू द्या. फक्त कार्ड काढूया.” कार्ड निघालं. दिवसभर मुलं येत होती, हे काय आहे विचारत होती आणि मी तोंडी सांगत होतो. चौथ्या ओळीपाशी आलो की आजूबाजूला कोण उभं आहे ते बघून घ्यायचो.

माझ्या विरारच्या मित्राच्या कपाटात पीएनएस गाझी आहे. अमेरिकन गॅटो वर्गाच्या पाणबुडीच्या किटमधून त्याने ती बनवली, बाजूला विशाखापट्टणम, डिसेंबर १९७१ असं लिहिलंय. खुकरीला बुडवणाऱ्या हंगोरचंही त्याच्या मनात आहे. खुकरीवर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या दोन नौका शेजारी ठेवल्याशिवाय ती रात्र कळत नाही असं तो म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. पाहुणे येतात, बघतात, त्याच्या अभ्यासाचं कौतुक करतात. तीच गाझी माझ्या कपाटात ठेवली तर अभ्यास कुणाला दिसणार नाही. हे त्यालाही माहीत आहे. आम्ही त्यावर फार बोलत नाही.

मग एका तासाला मी नववीला उर्दू व्याकरण शिकवत होतो. उर्दूत भूतकाळाचे सहा प्रकार शिकवतात: माजी मुतलक, करीब, बईद, इस्तमरारी, शक्किया आणि तमन्नाई. (मराठीत ‘माजी आमदार’ म्हणतो त्यातला माजी हाच, गेलेला.) शेवटचा प्रकार ‘अगर वो आता तो मैं जाता’ असा. त्याला माजी शर्तियाही म्हणतात, पण मला तमन्नाई हेच नाव पसंत आहे. मराठीत याला संकेतार्थ म्हणतात: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. दोन्ही भाषा शिकवताना एक गोष्ट जाणवते. मराठी व्याकरणाने या वाक्यात अट पाहिली. उर्दू व्याकरणाने तेच वाक्य ऐकून बोलणाऱ्याची इच्छा ओळखली. जे घडलं नाही ते सांगणारा माणूस सहसा तटस्थ नसतो.

फळ्यावर उदाहरण लिहिताना माझ्या डोक्यात नर्बदा आली. ती गेलीच नसती तर कार्डावर चौथी ओळ आली नसती.

इथे मशिदीतल्या एका बुजुर्गांचं म्हणणं सांगायला हवं, कारण काही वाचक तेच मनात म्हणत असतील. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसचा आशय असा की संकट आल्यावर ‘मी असं केलं असतं तर’ म्हणत बसू नये, कारण हा ‘अगर’ सैतानाच्या कामाला दार उघडून देतो. मी आलिम नाही. मला समजतं ते इतकंच की ती मनाई हळहळीची आहे, नशिबाशी भांडत बसण्याची आहे. आणि फाळणीच्या ‘अगर’ने किती दारं उघडली ते आपण रोज बघतोच. फाळणी झालीच नसती तर, जीना असं म्हणाले नसते तर, नेहरूंनी तसं केलं असतं तर. या वाक्यांच्या शेवटी नेहमी कुणीतरी आरोपी सापडतो, आणि बऱ्याचदा तो श्रोत्यांमध्येच बसलेला असतो.

म्हणून अखंड हिंदुस्थानचं नौदल बनवायचं मी पहिल्याच दिवशी नाकारलं. विरारचा मित्र उत्साहात होता. म्हणाला, “मास्तर, सहा स्लूप, दोन विमानवाहू, तीन क्रूझर, अख्खा ताफा होईल!” होईल, पण त्यात बदललेली गोष्ट एक नाही. फाळणी काढून टाकली की सरकार, पैसा, शत्रू, मित्र, आपण सगळेच बदलतो. त्या ताफ्याला किंमत चुकवावी लागत नाही, कारण हिशेब करायला जुनं काही शिल्लकच राहत नाही. तो छंद नव्हे, दिवास्वप्न झालं.

मी लहानात लहान बदल शोधला. फाळणी झाली, वाटणीही चार-दोनच झाली. फक्त नावं वाचून झाली. कुणा कारकुनाने यादी बघून म्हटलं, सतलज तिकडची नदी, ती तिकडे जाऊ द्या, नर्बदा इकडे राहू द्या. एका नौकेची अदलाबदल. बस्स.

आता करवत. ब्लॅक स्वान वर्गाचं प्लास्टिक किट माझ्या हाती लागलं नाही. म्हणून टामियाचं, सातशेव्या प्रमाणातलं, ब्रिटिश ओ वर्गाच्या विनाशिकेचं किट घेतलं. परदेशी किटची किंमत, वर पोस्ट आणि ड्युटी धरून घरात जो आकडा सांगितला तो खऱ्यापेक्षा थोडा कमी होता, आणि हा लेख घरी वाचला जात नाही अशी आशा आहे. ओ वर्गाची नौका ३४५ फूट, म्हणजे मॉडेल पंधरा सेंटिमीटर. स्लूप साधारण ३०० फूट, म्हणजे तेरा. मधले दोन सेंटिमीटर हेक्सॉ ब्लेडने कापून काढले. पण स्लूप आखूड असली तरी अडीच फूट रुंद असते. सातशेव्या प्रमाणात हा फरक होतो एक मिलिमीटर. त्यासाठी सांगाडा लांबीत चिरून मधे एका जुन्या मुशायऱ्याच्या सीडीच्या कव्हरची पट्टी बसवली. सीडीची कव्हरं पॉलिस्टायरीनची असतात, किटच्या प्लास्टिकशी एकजीव होतात. फार ठिसूळ मात्र, वाकवायला गेलं की शेरासारखी दोन तुकडे होतात.

विनाशिकेचं पुढचं उंच डेक लवकर संपतं, स्लूपचं धुराड्याच्याही मागे जातं. ते सगळं त्याच सीडीतून कापलं. पाणतीर सोडण्याच्या नळ्या काढल्या. चार इंची जोडतोफा हव्या होत्या, दोन जोड्या पुढे, एक मागे. त्या मित्राच्या हूड या युद्धनौकेच्या किटमधून उरलेल्या मिळाल्या. डोलकाठीच्या तारांसाठी किटच्या चौकटीची काडी मेणबत्तीवर मऊ करून ओढायची, केसाहून बारीक धागा निघतो. पंखा बंद ठेवावा लागतो. नालासोपाऱ्यात मे महिन्यात पंखा बंद ठेवणं ही या छंदातली सर्वात मोठी कुर्बानी आहे. जूनमध्ये वेगळी अडचण: हवेत इतका दमटपणा की रंग चार-चार दिवस बोटाला लागतो. जहाज तांदळाच्या रिकाम्या डब्यात झाकून ठेवलं होतं.

खऱ्या नौकेचे फोटो लागतात. नर्बदाचे थोडेच आहेत, झेलम झाल्यानंतरचे शोधावे लागतात. एका रात्री बायकोने माझ्या खांद्यावरून मोबाईल पाहिला. “पीएनएस, कराची, हे काय शोधताय तुम्ही?” मी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “समजलं मला. पण मोबाईल बघणाराही समजून घेईल का?” त्यानंतर मी फोटो मित्राला शोधायला सांगितले. त्याने दहा मिनिटांत पाठवले, खाली हसरा चेहरा लावून.

१९६१ का, तर त्या डिसेंबरात गोव्यात नौदल उतरलं. १८ डिसेंबरला मुरगावच्या बंदरात पोर्तुगीजांच्या अफोन्सो द अल्बुकर्क या नौकेला बेटवा, बियास आणि कावेरी यांनी गाठलं. कावेरी म्हणजे त्याच सहातली एक स्लूप, तेव्हाच्या हिशेबाने म्हातारी. माझ्या इतिहासात तिच्या जागी नर्मदा आहे. वसईच्या माणसाला पोर्तुगीजांवर तोफा रोखलेलं जहाज बनवायला निमित्त लागत नाही, हेही कबूल. शिवाय तोवर सोळा वर्षं जुन्या झालेल्या माणसांचा प्रश्न मला होता. रत्नागिरीचा जो खलाशी १९४५ मध्ये विशीत अराकानला होता, तो १९६१ मध्ये चाळिशीकडे येऊन त्याच डेकवर उभा असता, माझ्या वयाचा. सातशेव्या प्रमाणात माणूस अडीच मिलिमीटरचा होतो. कठड्याजवळ मी अकरा जण उभे केले आहेत.

झेंडा छापून घेतला झेरॉक्सच्या दुकानात, चार मिलिमीटरचा. १९५० पासून आपल्या नौदलाच्या निशाणावर पांढऱ्यावर लाल क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा होता. शाळेतल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याने, गासचे आहेत ते, भिंगातून पाहून म्हटलं, “म्हणजे तेव्हा नेव्ही आमचीच होती की!” २०२२ मध्ये तो क्रूस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. इथे महाराजांच्या आरमारातल्या दौलतखानाचं नाव घ्यायचा मोह होतो. आमच्या सभांमध्ये ते हमखास घेतलं जातं, खरंही आहे. पण सुमारे साडेतीनशे वर्षांनंतरही दर वेळी त्यालाच साक्षीला उभं करायचं, याचा आता मला कंटाळा येतो. त्यालाही येत असेल.

नर्मदा पुरी झाली. कार्डही लिहून झालं: कधी बांधली, कुठे लढली, १९४६ च्या संपात होती, १९६१ मध्ये गोव्याला होती. चारही ओळी कुणाच्याही समोर मोठ्याने वाचता येतात.

मित्र तिला बघायला आला. भिंगाने तोफा पाहिल्या, मागच्या बाजूची पुट्टी थोडी जास्त झालीय म्हणाला, ते खरं आहे. मग कार्ड वाचलं आणि विचारलं, “सतलज कुठंय?”

“कुठली सतलज?”

“तुमचाच नियम ना मास्तर? नर्मदा ठेवलीत, तर सतलज द्यावी लागली. ती दाखवल्याशिवाय हे मॉडेल अर्धंच झालं.”

नियमाप्रमाणे त्याचंच बरोबर. चार-दोनची वाटणी मीच कायम ठेवली होती. एक नौका इकडे राहिली म्हणजे एक तिकडे गेली, आणि ती त्या झेंड्यासकट, नव्या नावासकट, ह्याच फळीवर शेजारी उभी राहायला हवी. नावसुद्धा मला सुचलं होतं, इथे लिहीत नाही. बायको आतून चहा घेऊन आली आणि तिने आमच्या दोघांकडे पाहिलं.

टामियाचं दुसरं किट मी त्याच वेळी मागवून ठेवलं होतं, दोन एकदम घेतले की पोस्टाचा खर्च वाचतो. तो डबा कपाटावर होता. मित्राने स्टूलवर चढून काढला, उघडून भाग मोजले, सीडीच्या कव्हरचा उरलेला तुकडाही मागून घेतला.

“मी बनवतो. माझ्याकडेच राहील, गाझीच्या शेजारी. तुम्ही रविवारी येत जा, तारा ओढायला. माझे हात थरथरतात हल्ली.”

डबा पिशवीत घालून तो विरार लोकलला गेला. सांगाडा कापून झाल्याचा फोटो परवा आला. दोन सेंटिमीटरऐवजी त्याने अडीच कापलेत. रविवारी जाऊन जोडावे लागतील.